फणीपुढच्या गाठी

१

गुरुवारी दुपारी चारला ऊन थोडे कलले, गल्लीतले माग पुन्हा सुरू झाले आणि नत्थूजींचा माग सुरू झाला नाही. सोळा मागांच्या गल्लीत सतरावा आवाज कोणाला ऐकू येत नाही, पण एक आवाज कमी झाला की पोरेसुद्धा खेळ थांबवून कान देतात.

पाच मिनिटांनी नत्थूजींच्या थोरल्या सुनेची, रुख्माबाईंची, हाक आली, "धावा वं बाई! लुगडं कापून नेलं!"

ते लुगडे साधे नव्हते. शंभर नंबरी, केसासारखे बारीक सूत, दोन्ही बाजूंना रेशमी काठ. सरकारी हातमाग प्रदर्शनात गेल्या वर्षी, म्हणजे १९५४ साली, पहिले बक्षीस नत्थूजींना मिळाले होते. यंदा येत्या सोमवारी प्रदर्शनाचे साहेब स्वतः फोटोग्राफरला घेऊन घरी येणार होते; लुगडे मागावर असताना आणि नत्थूजी विणत असताना त्यांना फोटो हवा होता. सात हात विणून झाले होते. ते सातही हात गेले.

संध्याकाळपर्यंत चोर ठरला. नत्थूजींची धाकटी सून पुष्पलता. तिचा नवरा ताराचंद दोन वर्षांपूर्वी पटकीने गेला. थोरला दीर रूपराव, म्हणजे रुख्माबाईंचा नवरा, गिरणीत कामाला. चार वर्षांची मुलगी यमू आणि एक खोली, एवढाच तिचा संसार.

रात्रीच्या जेवणाआधी रूपराव माझ्याकडे आला. मी गल्लीतला पहिला बी.एस्सी. एका कापड गिरणीच्या तपासणी खोलीत सुताचा नंबर आणि पीळ मोजणे हे माझे काम. आमच्या घरचा माग वडिलांबरोबर संपला. मी त्यावर कधी बसलो नाही.

"जागेश्वरभाऊ, तुम्ही शिकले-सवरले. बोटाचे ठसे काढता येते म्हणते ना? तेवढे काढून द्या. येत्या रविवारी पंच बसून राहिले."

"सुतावर ठसे उठत नाहीत, रूपराव. अन् पंच काय करणार?"

"करतीन काय? उमरेडले, माहेरी जाईन ती. तिच्या बापानं जातीले जेवण द्यावं. यमू आमच्या घरची, ती इथंच राहीन."

"अन् तिची खोली?"

रूपराव माझ्या दारावरच्या दिनदर्शिकेकडे पाहू लागला.

"खोली काय, घरातच आहे," तो म्हणाला.

मी जायचे ठरवले ते त्या उत्तरामुळे. हाताशी तीन दिवस होते.

२

शुक्रवारी सकाळी मी माग पाहिला. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, त्याच्यासमोर फणी असते आणि फणीतून आलेला ताण्याचा, म्हणजे उभा, प्रत्येक धागा कापडात जातो. आता फणीच्या पुढे कापड नव्हते. उजव्या काठाशी दोन बोटे रुंद चिंधी उरली होती, मध्यावर एक बोटभर, डाव्या काठाशी काहीच नाही. कात्री नागासारखी वळत गेली होती. एके ठिकाणी तर ती कापडात शिरून परत बाहेर आली होती. चिंधीच्या मागे, फणीला लागून, ताण्याचे धागे जुडग्या-जुडग्यांनी गाठून ठेवलेले होते. मागावर गाठी असायच्याच, असे समजून मी ते फक्त वहीत लिहिले. बासष्ट जुडगे.

रुख्माबाई माझ्या पाठीशीच उभ्या होत्या. सासऱ्यांना, नत्थूजींना, दोघी सुना मामाजी म्हणत.

"दुपारी घरात कोण कोण होतं, वहिनी?"

"मी, मामाजी, ती अन् पोरगी. एक ते चार लू चालते तर कोण बाहेर निघन? आम्ही सारे निजलो. जागी राहिली असन तर तीच."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? तिचा हातच वाकडा आहे. पंगतीत डाव्या हातानं वाढे बाप्पा! मी हातावर मारून मारून सोडवलं ते."

पुष्पलता आतून पाण्याचा गडू घेऊन आली. वय चोविसाच्या आसपास, डोक्यावरून पदर. गडू तिने उजव्या हाताने पुढे केला. यमू मध्येच तिच्या पायांत आली, गडू निसटला, आणि तिने तो हवेतल्या हवेत झेलला. डाव्या हाताने. रुख्माबाईंनी माझ्याकडे असे पाहिले की जणू तिने कबुलीच दिली.

"पुष्पलताबाई, लुगडं तुम्ही कापलं?"

"नाही."

"कोणी कापलं, माहीत आहे?"

यावर ती काही बोलली नाही. ज्याला माहीत नसते तो 'नाही' म्हणतो. पहिल्या प्रश्नाला तिने तसे म्हटलेही होते.

नत्थूजी ओसरीवर बसले होते. बाहेर लख्ख उजेड होता, मी तीन हातांवर उभा होतो, आणि त्यांनी विचारले, "कोण आहे गा?"

"मी जागेश्वर, काका."

"ये, बस. डोळ्यात जरा अंधुक येते आताशा."

घरात बसूनही त्यांच्या डोक्याला जाडजूड पटका होता. कपाळावरून घाम वाहत होता.

"काढून ठेवा ना काका, गरम होईल."

"लू लागते," ते म्हणाले आणि दोन्ही हात पटक्यावर ठेवले.

मी लुगड्याचा विषय काढला. त्यांनी मान खाली घातली.

"काय सांगू? एका रेषेत सरळ कापून नेलं. हात चांगला असन कापणाऱ्याचा."

मी वहीत 'सरळ' असे लिहिले. मग वरची ओळ वाचली. तिथे मी स्वतःच लिहिले होते: 'नागमोडी'.

३

गल्लीत नत्थूजींच्या तोडीचा एकच विणकर होता, भैयाजी. तेच पंचांचे मुख्य. गेल्या वर्षी त्यांना दुसरे बक्षीस मिळाले होते आणि ते त्यांनी घरी न आणता तिथेच कोणाला तरी देऊन टाकले होते, असे म्हणत. चोरीचा फायदा कोणाला, असा विचार केला तर पहिले नाव त्यांचेच.

भैयाजी माग थांबवायला तयार नव्हते. आडव्या धाग्याचा धोटा फेकत फेकतच बोलले.

"माह्यावर शक आहे का गा तुले?"

"सगळ्यांना विचारतो आहे."

"मग ऐक. मले त्याले हरवायचं होतं. त्याचं लुगडंच नसन तर मी हरवू कोणाले? घंट्याले?"

हे मला पटले. पण पटणे म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून मी त्यांची गुरुवारची दुपार तपासली. एक ते चार ते वाडी गावातल्या गोदामात सुताचे गठ्ठे उतरवून घेत होते. सात माणसांनी सांगितले. रूपराव गिरणीत होता. हजेरी मी स्वतः पाहिली. म्हणजे घरातले तिघेच उरले, आणि त्यांतला एक सत्तरीचा म्हातारा.

घरी आलो तेव्हा माझी आत्या, सखूबाई, सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिने चाळीस वर्षे धोट्यातल्या कांड्या भरल्या, सुताला खळ लावून पाजण केली, ताणे लावले. मागावर मात्र कधी बसली नाही. बाईने मागावर बसायचे नाही, ही आमच्याकडची रीत. का, ते कोणी सांगत नाही.

मी तिला वही वाचून दाखवली. जुडग्यांपाशी येताच तिचा हात सुपात थांबला.

"गाठी कुठं होत्या म्हणतो?"

"फणीच्या पुढे. बासष्ट."

"अन् तू तीन वर्षं कॉलेजात काय शिकून राहिला होता?"

"का?"

"अरे बापा, फणीपुढं कापड कापलं का ताण्याचे धागे मोकळे होते. मोकळे झाले का फणीतून मागं निसटते. साडेतीन हजार धागे पुन्हा एकेक ओवायचे म्हणजे दोन माणसांचे चार दिवस. म्हणून विणकर आधी जुडगे बांधते, मंग कापते. हात आपोआप जाते त्याचा."

"म्हणजे चोर विणकर आहे."

"चोर? चोराले काय पडलं? त्याच्या मागं धागे निसटो का जळो. हे ज्यानं केलं त्याले तोच माग पुन्हा चालवायचा आहे."

घरात विणकर एकच होता, आणि तो स्वतःचेच लुगडे कशाला कापेल?

४

शनिवारी मी गिरणीतून धागे मोजायचे भिंग आणले. रुख्माबाई बाजारात गेल्या होत्या. मी तासभर फणीशी वाकून बसलो.

प्रथम जुडगे. तीन जुडग्यांतले धागे मोजले: अठ्ठावन्न, साठ, एकोणसाठ. बासष्टही गाठी सारख्या अंतरावर, सारख्या घट्ट. इतक्या नेटक्या गाठी बांधणाऱ्याला सरळ रेषेत कात्री चालवता येऊ नये? मी वहीत लिहिले: हातांना येते, डोळ्यांना येत नाही. लिहिले आणि 'सरळ कापलं' हे वाक्य आठवले. ज्यांनी ज्यांनी माग पाहिला त्या प्रत्येकाने कापड वेडेवाकडे कापल्याचे सांगितले होते. एकच माणूस 'सरळ' म्हणाला. त्याने ते पाहिलेच नव्हते, आणि तरी त्याला ठाम माहीत होते. कारण त्याच्या समजुतीने त्याने ते सरळच कापले होते.

म्हणजे कापणारे नत्थूजी. पण त्यांना इतके कमी दिसत असेल तर एक मोठा प्रश्न उरत होता. शंभर नंबरी सुतावर, रेशमी काठाची बारीक नक्षी, हे सात हात विणले कोणी?

फणीच्या मागच्या बाजूला ताण्यात पाच ठिकाणी सांधे होते. विणताना धागा तुटला की मागावर बसलेले माणूस लगेच नवा तुकडा अंगठा आणि बोटात पिळून जोडते. दुसऱ्याची वाट पाहत बसत नाही. उजव्या हाताने पिळले तर पीळ एका दिशेला बसतो, डाव्या हाताने पिळले तर उलट. गिरणीत दिवसभर मी हेच पाहतो. पाचही सांधे उलट होते.

मागे पावलांचा आवाज झाला. पुष्पलता दारात उभी होती.

"भाऊजी, पाह्यलं ते पाह्यलं. सांगू नका."

"किती महिन्यांपासून विणता तुम्ही?"

"चौदा. मामाजीले दिसेनासं झालं, तसं त्यायनं मले शिकवलं. दार लावून. जाऊबाईले वाटे, मामाजीच विणते. ते बाजूले बसून ठोका ऐकत. ठोका चुकला का म्हणत, 'परत पाह्य.'"

"मग तुमचंच विणलेलं तुम्ही कशाला कापाल? हे सांगितलं तर पंच तुम्हाला सोडतील."

"अन् मामाजीले काय म्हणतीन? बक्षीस घेतलं ते सुनेच्या हातचं! अन् मले तरी सोडतीन का? मागावर बसली म्हणून दुसरा गुन्हा लावतीन."

हे मी धरले नव्हते. एका गुन्ह्यातून तिला सोडवणारा पुरावा तिला दुसऱ्यात अडकवत होता.

"कापलं कोणी, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

तिने माझ्या भिंगाकडे पाहिले. ओठाच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखे वाटले.

"मामाजीच्या गाठी मी ओळखन नाही का?"

मला दोन दिवस आणि एक भिंग लागले होते.

५

त्याच संध्याकाळी मी नत्थूजींशेजारी बसलो. आरोप केला नाही. मी म्हणालो, "काका, कापड नागमोडी कापलं गेलं आहे. उजवीकडे दोन बोटं चिंधी राहिली."

त्यांनी दोन बोटे जुळवून अंगठ्याने चाचपली.

"दोन बोटं?" त्यांनी विचारले. चेहरा कसनुसा झाला. "माह्या हातानं?"

"का केलंत?"

"साहेब म्हणाला, विणताना फोटो काढतो. मी बसलो असतो अन् धोटा कुठं गेला ते दिसलं नसतं मले. मनात आलं, लुगडंच नसन तर साहेब येणार नाही. गोष्ट मिटन. तिचं नाव येईन असं... नाही आलं मनात. रूपरावनं तिचं नाव घेतलं तवा बोलाचं होतं. उद्या बोलतो म्हटलं. मंग पुन्हा उद्या."

"उद्या रविवार आहे, काका. मी पंचांपुढे काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण यमू कोणाजवळ राहील, तेही उद्याच ठरणार आहे."

मी उठलो. पटक्यावर त्यांचे दोन्ही हात होते, आणि तेव्हा कुठे मला कळले की सात हात कापड कुठे आहे.

६

पंच निंबाखालच्या पारावर बसले. गल्ली पुरुषांनी भरलेली, बायका दारांच्या आड. पुष्पलता यमूला कडेवर घेऊन एका बाजूला उभी. रूपरावने आपले म्हणणे मांडले. नत्थूजी आले नव्हते.

"जागेश्वर," भैयाजी म्हणाले, "तू शोध करून राहिला होता. सांग."

मी वही उघडली आणि शक्य तितक्या हळू पहिले पान वाचू लागलो. माग, फणी, चिंधीची लांबी. लोक कंटाळले. तिसऱ्या ओळीला भैयाजी म्हणाले, "हे सारं आम्ही पाह्यलं गा. कोणी कापलं ते सांग."

"मी कापलं."

नत्थूजी भिंतीला हात लावत लावत आले होते. पारापाशी थांबले, डोक्यावरचा पटका उतरवला, वरचा जुना कपडा काढून टाकला आणि आतले कापड उलगडले. पांढरे शुभ्र, दोन्ही बाजूंना तांबडे काठ.

"मले दिसत नाही. दीड साल झालं. मी लबाडी केली, पोरीवर आळ आला तरी तोंड उघडलं नाही. शिक्षा मले करा. हे लुगडं तिनं विणलं."

मग रूपराव उठला.

"म्हणजे ती मागावर बसली! हा तं त्याहून मोठा गुन्हा!"

भैयाजींचे तिकडे लक्षच नव्हते. त्यांनी कापड हातात घेतले, उजेडात धरले, नखाने काठाची नक्षी चाचपली.

"गेल्या सालचं बक्षिसाचं लुगडं?"

"तेही तिचंच," नत्थूजी म्हणाले.

"म्हणजे मी एका पोरीशी हरलो अन् मले मालूमच नाही?"

"मालूम नव्हतं तवर बरे होते भैयाजी," दाराआडून माझ्या आत्याचा आवाज आला. "आता तिले मागावरून उठवान तर लोक म्हणतीन, हरले म्हणून उठवलं."

कोणी तरी हसले. मग बरेच जण हसले. भैयाजींच्या मिश्या हलल्या, पण त्यांनी चेहरा सांभाळला.

"सखूबाई, बायकांनी पंचायतीत बोलू नये."

"मी कुठं बोलून राहिली? मी तं आपल्या घरात आहे."

भैयाजींनी दोन्ही बाजूंच्या पंचांकडे पाहिले आणि घसा साफ केला.

"बाईनं मागावर बसू नये हे कोणी ठरवलं ते मले ठाऊक नाही. तुम्हाले आहे?" पंचांनी नकारार्थी माना हलवल्या. "मंग ऐका. पोरगी निर्दोष. ती, यमू अन् तिची खोली जिथल्या तिथं राहीन. रूपराव, जातीले जेवण मागितलं होतं तू. खोटा आळ आणणाऱ्यानं ते द्यावं."

"मी?" रूपराव म्हणाला.

"बुंदी पाहिजे त्यात. अन् नत्थूजी, तुले शिक्षा ही, का उद्या साहेबापुढं हे सारं तूच सांगायचं. आपल्या तोंडानं."

नत्थूजींनी हात जोडले. पारापासून थोडे बाजूला, जिथे त्यांना भैयाजी आहेत असे वाटले तिथे.

सोमवारी सकाळी पुष्पलता मागावर बसली. दार उघडे होते. बासष्ट जुडगे तिने एकेक करून पुढच्या काठीला बांधले; एकही धागा निसटलेला नव्हता, त्यामुळे चार दिवसांचे काम तासाभरात झाले. दहाला साहेब आले तेव्हा नवे कापड दोन बोटे विणून झाले होते. नत्थूजींनी सगळे सांगितले. साहेब थोडा वेळ गोंधळले, मग म्हणाले की प्रदर्शनाला महिना आहे, लुगडे पूर्ण होईल का? "होईल," पुष्पलता म्हणाली. त्या आठवड्यात तिने साहेबांना उद्देशून उच्चारलेला तो एकच शब्द.

नत्थूजींना मी धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. मोतीबिंदू आहे, थंडीत काढू म्हणाले. सात हात कापडाचे यमूला दोन परकर झाले.

त्या सकाळी जाताना साहेबांनी लुगड्याला लावायची चिठ्ठी काढली होती. विणणाऱ्याचे नाव लिहायचे होते. रूपराव बापाचे नाव लिहायच्या सवयीने पुढे झाला, पण पुष्पलता उमरेडला चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने लेखणी उजव्या हातात घेतली, जरा थांबली, रुख्माबाईंकडे पाहिले आणि डाव्या हातात घेतली. डाव्या हाताने लिहिले की तळवा ओल्या अक्षरांवरून सरकतो. नाव लिहून झाले तेव्हा शाई पसरली होती.

"दुसरी चिठ्ठी देऊ का?" साहेबांनी विचारले.

भैयाजी दाराशी उभे होते. त्यांनी वाकून चिठ्ठी पाहिली, हात लांब करून पुन्हा पाहिली.

"राहू द्या," ते म्हणाले. "वाचता येते."